उजवीकडची शिलाई

माझा ब्लाऊज उजव्या काखेत काचायला लागला तेव्हा मी पहिला दोष कापडाला दिला. धुवून आटलं असेल. दुसरा दोष दिवाळीच्या फराळाला दिला. मग ब्लाऊज काढला, मुंढ्यापासून कमरेपर्यंतची उजवीकडची शिलाई उसवली, अर्ध्या बोटाएवढं कापड सोडलं अन् नवी टीप मारून टाकली. पाच मिनिटांचं काम. पुन्हा अंगात घातला तर छान बसला. मी खूश होऊन चहा मांडला.

सत्तावीस वर्षं मी ब्लाऊज शिवते. दुसरबीडला मोठ्या रस्त्याला लागून नवऱ्याचं पंक्चरचं दुकान आहे, त्याच्या भिंतीला भिंत लावून माझी खोली. आत एक पायमशीन, एक मोटरवाली, पडद्याचा कोपरा अन् त्यात उंच आरसा. आजूबाजूच्या दहा गावांतल्या बायांची मापं माझ्या वहीत आहेत. कोण कधी भरली, कोण बाळंतपणात वाळली, कुणी सासरी जाऊन खाणं सोडलं, हे मला त्यांच्या नवऱ्यांच्या आधी कळतं. अंग बदललं की कापडानं मुकाट त्याच्या मागं जायचं, एवढं माझं शिक्षण. त्यासाठीच तर आम्ही शिलाईच्या आत जादा कापड ठेवतो. त्याला माया म्हणतात. बाई भरली की माया सोडायची, वाळली की परत आत घ्यायची.

एवढं असून एक साधी गोष्ट माझ्या डोक्यात शिरली नाही. भरणारी बाई दोन्हीकडून भरते. गिऱ्हाइकाचा ब्लाऊज असता तर मी नक्की विचारलं असतं, "काऊन वो, उजवीकडूनच काऊन?" स्वतःला नाही विचारलं. रोग हाल्याले अन् औषध पखालीले म्हणतात ना, तशी मी अंगाचं दुखणं कापडावर दुरुस्त करत बसले. संक्रांतीला दुसऱ्यांदा उसवलं. होळीच्या सुमारास तिसऱ्यांदा उसवायला घेतलं तर आत सोडायला काही उरलंच नव्हतं. कापडाची कड हातात आली.

तेव्हा कुठं मी पडद्यामागं गेले अन् आरशासमोर हात वर केला.

उजव्या छातीच्या बाहेरच्या बाजूला कातडी आत ओढली गेली होती. दोरा जास्त ताणून टीप मारली की कापडाला चुणी पडते, तशी. बोट लावलं. लिंबाएवढी गाठ, टणक, जागची हलत नव्हती. दुखत मात्र अजिबात नव्हती, अन् तोच तिचा डाव होता. दुखली असती तर मी पहिल्याच दिवशी बोंब मारली असती. भीती वाटली का म्हणाल, तर आधी संताप आला. काखेत कळसा अन् गावाला वळसा! साऱ्या पंचक्रोशीची मापं घेणारी बाई मी, अन् स्वतःच्या अंगावर पाच महिने बाहेरून शिलाई सोडत होते. हे पाच महिने ध्यानात ठेवा. पुढं दवाखान्यात जे काही झालं, ते त्या पाच महिन्यांशीच भांडण होतं.

नवरा तेव्हा ट्यूब घमेल्यात बुडवून बुडबुडे पाहत होता. मी सांगितलं तशी त्यानं ट्यूब पाण्यात सोडून दिली. "बाईले सांगू का?" एवढंच म्हणाला. बाई म्हणजे त्याची थोरली भावजय, माझी जाऊ. सासू मी यायच्या आधीच गेलेली, त्यामुळं घरात काही अडलं की बाई. मी लग्न होऊन आले तेव्हा तिनं तिची पायमशीन मला दिली होती, "मले काही जमत नाई, तू फिरव," म्हणून. माझा धंदा त्या मशीनवर उभा राहिला. म्हणून बाई बोलली की मी सहसा ऐकते.

बाई आली, पदराखालून हात घालून गाठ चाचपली अन् म्हणाली, "हे पाह्य, याले लोखंड लागू देऊ नको."

लोखंड म्हणजे सुई, सुरी, डॉक्टरच्या हातात जे काही असेल ते. आमच्या भागात ही समजूत पक्की आहे. गाठ झोपलेली असते, तिला लोखंड लागलं की ती खवळते अन् अंगभर पसरते. बाईकडं तर त्याचा घरचा पुरावा होता. तिचं माहेर सुलतानपूरचं. तिच्या मायला अशीच गाठ झाली होती.

"चांगली हिंडत-फिरत होती माही माय," बाई म्हणाली. "वावरात जात होती. डॉक्टरनं सुरी लावली अन् चार महिन्यांत गेली. म्या माह्या डोयानं पाह्यलं."

"अन् सुरी लावायच्या आधी?" मी म्हणलं. "दोन वर्षं पदराखाली लपवून ठेवली होती ना त्यायनं? गाठ फुटून वास सुटला तेव्हा दवाखान्यात नेलं. तुमीच सांगितलं होतं मले."

"मेलेल्या माणसाले बोलू नको वो."

बाईच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, म्हणून मी वाद सोडला. तिनं कुठूनसा झाडपाल्याचा लगदा आणला होता, तो बांधूनही घेतला. तीन दिवस. कातडी भाजून लाल झाली, गाठ जिथल्या तिथं. चौथ्या दिवशी मी तो लगदा उकिरड्यावर फेकला अन् बाईच्या अंगणात जाऊन सांगितलं, "बाई, सत्तावीस वर्षं झाली, माह्या बोटात सुई घुसून राह्यली. लोखंडानं माणूस मरत असता तर तुमी मले कधीच पोचवून आल्या असत्या. मी चालली देऊळगावले."

"जाय मंग," बाई म्हणाली. "माहं कोण आयकते!"

देऊळगाव राजाच्या डॉक्टरीणबाईंनी गाठ पाहिली, काख पाहिली, मान पाहिली. मग विचारलं, "कधीपासून आहे?"

"दिवाळीपासून."

"मग इतके दिवस काय केलं?"

"शिलाई सोडली."

त्यांना कळेना. मी ब्लाऊज उलटा करून दाखवला. जुनी टीप उसवली की कापडात सुईची भोकं राहतात. उजवीकडं अशा भोकांच्या रांगा होत्या, एकीशेजारी एक. डावीकडं एकही नव्हती. डॉक्टरीणबाईंनी चष्मा काढून त्या रांगांकडं पाहिलं. हसल्या नाहीत. चिठ्ठी लिहिली अन् म्हणाल्या, "संभाजीनगरला जायचं. उद्याच. परवा नाही."

संभाजीनगरच्या मोठ्या दवाखान्यात आधी छाती दोन पाट्यांमध्ये दाबून फोटो काढले. मग सुईचा दिवस आला. खोलीबाहेरच्या बाकावर माझ्यासारख्या चार-पाच जणी, कुणी जालन्याकडची, कुणी परभणीकडची. सगळ्यांची कुजबुज एकच, लोखंड, लोखंड. मला कुजबुजीचा मनापासून राग आहे. सर्जन बाहेर आले तसं मी मोठ्यानं विचारलं, "डॉक्टर, गाठीला लोखंड लागलं की ती पसरते म्हणतात. खरं का खोटं? सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगा."

पन्नाशीचा शांत माणूस. आत निघाले होते ते परत फिरून बाकावर आमच्या शेजारीच बसले. "खोटं आहे मावशी," ते म्हणाले. "पण असं का वाटतं ते सांगतो. माणूस येतो उशिरा. तोवर गाठ आतून पसरलेली असते. आम्ही हात लावतो, माणूस जातो, अन् नाव होतं सुरीचं."

मला बाईची माय आठवली. मी विचारलं, पण मग ती मुळात वाढते कशी? त्यांनी सांगितलं ते माझ्या भाषेत सांगते. आपलं अंग बारीक बारीक पेशींचं बनलेलं असतं. जुन्या मरतात, एकीच्या दोन होऊन नव्या तयार होतात. कधी वाढायचं अन् कधी थांबायचं, याचा हुकूम प्रत्येकीच्या आत असतो. एखादीच्या आतला हा हुकूमच बिघडतो. ती थांबत नाही. एकीच्या दोन, दोनाच्या चार, चाराच्या आठ, अन् सगळ्या तिच्यासारख्याच आडमुठ्या. खायला कमी पडलं की ती रक्ताच्या नव्या बारीक नळ्या स्वतःकडं ओढून घेते. पुढं त्यातल्या काही पेशी सुटतात, आधी काखेत सगळ्यांनाच असतात त्या बारीक गाठींत जाऊन बसतात, मग हाडांत, काळजात, कुठंही. बोटाला लागण्याएवढी मोठी व्हायला तिला कित्येक वर्षं लागलेली असतात.

"म्हणजे मी पहिली शिलाई उसवली तेव्हा ती कधीचीच येऊन बसली होती?" मी विचारलं. सगळं ऐकून मला जरा हायसं वाटलं होतं. पाच महिन्यांचं पाप तेवढंच हलकं.

"होती," ते म्हणाले. "पण तेव्हा लहान होती."

त्या झाडपाल्यानं मला एवढं भाजलं नव्हतं, जेवढं ह्या एका वाक्यानं भाजलं. मी उठले अन् म्हणलं, चला, लावा तुमचं लोखंड. जागा बधिर केली, जाड सुई आत घातली, टक् आवाज झाला अन् शेवईच्या तुकड्याएवढं मांस बाहेर आलं. असे चार-पाच तुकडे. मी बाहेर आले तर बाकावरची परभणीवाली स्वतःहून उठून उभी होती.

रिपोर्ट यायला काही दिवस लागणार म्हणाले. माझा स्वभाव असा की माझ्या अंगातून काढलेली वस्तू कुठं जाते, तिचं काय करतात, हे पाहिल्याशिवाय चैन पडेना. दोनदा तपासणीच्या खोलीच्या दारातून हाकललं. तिसऱ्यांदा तिथल्या डॉक्टरीण मॅडमना दया आली असेल. त्यांनी आत घेतलं. तो तुकडा आधी औषधात ठेवून पक्का करतात, मग मेणाच्या वडीत बसवतात. त्या वडीचे एक यंत्र इतके पातळ काप काढतं की मी जन्मात एवढं तलम काही पाहिलं नव्हतं. काप काचेवर घेऊन रंगवतात, गुलाबी अन् जांभळा. मॅडमनी मला भिंगातून दाखवलं. चांगल्या मांसातल्या पेशी सरळ रांगेत होत्या, छापील चिटावरच्या बुट्ट्यांसारख्या. अन् माझ्या गाठीतल्या? ठसा घसरलेलं कापड. एक बुट्टी मोठी, एक लहान, एकीवर एक चढलेल्या, रंग जागोजागी दाट. असं कापड दुकानदारानं दिलं असतं तर मी त्याच्या तोंडावर फेकलं असतं. ह्याच कापांवर आणखी तपासण्या झाल्या. गाठ कशाच्या जोरावर वाढते ते त्यातून कळतं. माझी अंगातल्या बायकी रसांवर, म्हणजे हार्मोनवर वाढणारी निघाली. त्यावरून पुढचं औषध ठरतं, एकीचं औषध दुसरीला लागू पडेलच असं नाही. हे मला समजावून सांगायची गरज पडली नाही, मी मापाचीच माणूस.

रिपोर्ट हातात आला तेव्हा नवरा सगळ्यांना फोनवर सांगायचा, "तिचं ते निघालं." ते म्हणजे काय? मी फोन हिसकून घेतला. "कॅन्सर म्हणा," मी ओरडले. "सरळ नाव घ्या. नाव घेतल्यानं ती वाढत नाई अन् न घेतल्यानं जात नाई." पलीकडं बाई होती. तिनं फोन ठेवून दिला.

आधी केमो द्यायची ठरली, गाठ बारीक करायला. पण बारीक होऊन नाहीशीच झाली तर कापायचं कुठं? म्हणून आधी गाठीच्या मधोमध धातूची एक बारीक चीप बसवली. आम्ही कापायच्या आधी कापडावर खडूची खूण करतो, तसंच ते. मला हसूच आलं. बाई लोखंड लावू नको म्हणत होती अन् इथं तर आतच ठेवून दिलं!

दर एकवीस दिवसांनी केमो. दुसऱ्या खेपेला केस हातात यायला लागले. मी गळायची वाट पाहिली नाही, माझ्याच कात्रीनं सगळे कापून टाकले. ओकाऱ्या झाल्या, तोंड आलं, भाकरीचा वास नको झाला. माणसाला रडू येतं बाप्पा, मलाही आलं, न्हाणीघरात बसून पोटभर रडले. पण दर खेपेच्या आधी मी टेप लावून गाठ मोजायचे अन् गिऱ्हाइकांच्याच वहीत एका पानावर लिहायचे. पहिल्या खेपेनंतर फरक नाही. दुसरीला जरा कमी. चौथीला निम्म्यावर. सर्जन स्वतःच्या हत्यारानं मोजायचे अन् मग म्हणायचे, "मावशी, तुमचं माप सांगा." दोन्ही मापं जुळायची. मला त्याचा गर्व वाटायचा, अजून वाटतो.

ऑपरेशनच्या आधी त्यांनी सांगितलं, "पूर्ण छाती काढायची गरज दिसत नाही. गाठ काढू अन् तिच्या चारी बाजूंनी चांगल्या मांसाची कड घेऊ."

"माया ठेवून कापणार म्हणा," मी म्हणलं.

माया म्हणजे काय ते मी समजावलं. त्यांना पटलं. पुढं काढलेल्या तुकड्याच्या कडांना वेगवेगळ्या रंगांची शाई लावतात, म्हणजे कुठली बाजू वरची, कुठली आतली ते कळतं. मग भिंगाखाली पाहतात की बिघडलेल्या पेशी शाईपर्यंत पोचल्यात का. नसतील पोचल्या तर गाठ सगळी निघाली. पोचल्या असतील तर आत काहीतरी राहिलं.

माझ्या तीन कडा साफ निघाल्या. आतली एक कड साफ नव्हती.

नेमकी त्याच दिवशी बाई भाकरी अन् ठेचा घेऊन दवाखान्यात आली होती. नवऱ्यानं रिपोर्ट सांगितला तशी ती खाटेवर बसत म्हणाली, "मी सांगत होतो. लोखंड लावलं अन् खवळली. आता पुन्ना कापतीन, पुन्ना खवळंल. चाल घरी. हाय तेवढे दिवस सुखानं राह्य."

नवरा तिच्या बाजूला उभा होता. त्याचं तोंड पाहून मला कळलं की त्यालाही घरीच जायचंय. माझा पारा चढला.

"मुंढा चुकला तर मी ब्लाऊज फेकून देतो का?" मी म्हणलं. "पुन्ना उसवतो, पुन्ना कापतो. एक कड राह्यली त राह्यली, पुन्ना काढतीन. सगळी छाती काढा म्हणतो मी त्यायले. मले बसून मरायचं नाई, बाई. आन तुमी मले शिकवू नका, तुमी तुमचं पाहा. मी डॉक्टरले तुमच्या मायचं सांगितलं. डॉक्टर म्हणे, तिच्या पोरीनं दरसाल दाखवलं पाह्यजे. सख्ख्या मायले झाला म्हणजे पोरीले जास्त भेव. कधी दाखवलं तुमी?"

बाईचं तोंड पांढरं पडलं. तिनं भाकरीचं फडकं उचललं, परत ठेवलं. "माह्या अंगाचं नाव काढू नको," ती म्हणाली अन् निघून गेली. जालन्याच्या गाडीत एकटी बसून गेली. मी जरा जास्तच बोलले होते, मला कळत होतं. पण मी तिला परत बोलवलं नाही.

दुसऱ्या ऑपरेशनला पूर्ण छाती काढली. ह्या वेळी सगळ्या कडा साफ. काखेतल्या ज्या गाठी पहिल्याच वेळी काढून तपासल्या होत्या, त्यातल्या एकीत मात्र ती पोचलेली निघाली होती. एकीतच. माझ्या पाच महिन्यांत ती तिथं पोचली की आधीच पोचली होती, हे सर्जनना सांगता येत नाही. मी त्यांना तीनदा विचारलं. ते खरं बोलणारे आहेत, माहीत नाही म्हणाले. मला विचाराल तर त्याच पाच महिन्यांत पोचली.

मग किरणांचा शेक घ्यायला रोज दवाखान्यात. छातीवर शाईच्या रेघा आखून द्यायचे, पुसू नका म्हणायचे. मी आंघोळीला त्या रेघा अशा जपल्या की बाकीच्या बाया हसायच्या. आता रोज एक गोळी, बरीच वर्षं घ्यायची आहे. पुन्हा येणार नाही असं कुणी लिहून देत नाही, अन् मीही मागत नाही. दर काही महिन्यांनी जाते, तपासून येते, आल्यावर मशीनवर बसते.

गावात आल्यावर बायांनी मला कापसाचा गोळा भरून ब्लाऊज शिवायचे सल्ले दिले. ज्यांना भरायचा त्यांनी जरूर भरावा, मी स्वतः दोघींना सुंदर शिवून दिलेत. मला नको होता. उन्हाळ्यात आधीच जीव जातो, त्यात कापूस कोण वागवणार? मी माझ्या वहीत माझं नवं माप लिहिलं, उजवं वेगळं अन् डावं वेगळं, अन् तसाच ब्लाऊज शिवला, उजवीकडून सपाट. बुद्धपौर्णिमेला पांढरं लुगडं नेसून विहारात गेले. एक जण कानाशी येऊन म्हणाली, "पदर नीट घे वो."

"पदर नीटच हाय," मी म्हणलं. "नजर नीट करा."

त्याच आठवड्यात मी नवऱ्याला पाटी रंगवायला लावली. त्याच्याकडं पंक्चरच्या पाटीचा लाल रंग उरला होता. 'फॉल-पिको करून मिळेल' याच्या खाली त्यानं लिहिलं, 'एकाच बाजूची शिलाई सोडून मिळणार नाही.' लोक हसले. काही गिऱ्हाइकं तुटली. पण जी कुणी एका बाजूनं काचतो म्हणून येते तिला मी आधी पडद्यामागं नेते अन् मग देऊळगावला पाठवते. बहुतेकींचं काहीच निघत नाही, कुणाचं दूध साचलेलं, कुणाची साधी निरुपद्रवी गाठ. त्या येऊन मला शिव्या घालतात, फुकट घाबरवलं म्हणून. घालू देत. मी आनंदानं खाते.

बाई मात्र दुकानाकडं फिरकत नव्हती. विहारात दिसली की नमस्कार करायची, बोलायची नाही.

गेल्या महिन्यात एका दुपारी ती आली. पिशवीतून झंपर काढून टेबलावर ठेवला. बसा म्हणलं तर बसली नाही.

"काखेत काचून राह्यला," ती म्हणाली. "जरा सोडून दे."

"कोणीकडून?"

ती भिंतीकडं पाहत होती. "डावीकडून."

माझा मशीनवरचा पाय थांबला. बाईला वाचता येत नाही, पण पाटीवर काय लिहिलंय ते गावानं तिला दहा वेळा वाचून दाखवलं होतं. तिच्या घरापासून चौथ्या घरात दुसरी एक शिवणारी राहते. तिनं काही न विचारता पाच मिनिटांत सोडून दिला असता. तरी ती भर उन्हात रस्ता ओलांडून माझ्याकडं आली होती.

मी झंपर उलटा केला अन् दारातल्या उजेडात धरला. शिलाई माझ्याच हातची, दोन वर्षांपूर्वीची. डावीकडं बोट फिरवलं, उजवीकडं फिरवलं. सुईच्या भोकांची एकही रांग नव्हती. आतली माया होती तेवढी शिल्लक होती.

"नाई सोडत," मी म्हणलं.

"मले मालूम होतं." ती आता बसली. म्हणाली, "लोखंड लावतीन?"

"काही असंल तर लावतीन. नसंल तर घरी पाठवतीन. मी संगं राह्यतो."

बाई उठली, स्वतःच पडदा सारून आत गेली. हुक काढल्याचा आवाज आला. मी मागं गेले तर ती आरशासमोर डावा हात वर करून उभी होती, डोळे घट्ट मिटलेले. मी बोट लावलं. चिंचोक्याएवढी होती. बोटाखाली सरकत होती.

मी पडद्याबाहेर तोंड काढून नवऱ्याला हाक मारली, "ओ, सकाळची देऊळगावची गाडी किती वाजता हाय?"

पडद्यामागून बाई म्हणाली, "सकाळची काहाले? आता कोणती नाई का?"